एक ओळ म्हणजे काय? दुकानाच्या विक्रीचा डेटाबेस रचताना

पुण्याच्या स्टँडवर मलकापूरची गाडी विचारली, की उलटा प्रश्न येतो, ‘कुठलं मलकापूर?’ रेल्वे स्टेशन असलेलं मलकापूर बुलढाणा जिल्ह्यात. दुसरं कऱ्हाडला लागून, महामार्गावर. आणि तिसरं हे आमचं, शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर आंबा घाटाच्या अलीकडचं. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर विशाळगडच्या पंतप्रतिनिधींचं ठाणं गडावरून इथं आलं. ‘शाहूवाडीचं’ असं म्हटलं की माणसाचं समाधान होतं. संगणकाचं होत नाही. पुरवठादारांच्या यादीत कुणी नुसतं ‘मलकापूर’ लिहिलं असेल, तर तिन्ही गावं एकच धरून तो मोकळा होतो.

दुकानाच्या विक्रीचा डेटाबेस रचणं म्हणजे मुख्यतः असल्या प्रश्नांची उत्तरं आधी ठरवून ठेवणं. कुठला तांदूळ? कुठल्या दिवसाचा भाव? कुणाची उधारी? सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं ही चौकशी खूप होते, पण त्या आधीचा हा विचार राहून जातो. म्हणून मलकापूरच्या पेठेत एक किराणा दुकान आहे असं समजू. एक काउंटर, आठवडी बाजारादिवशी दोन. सुटा माल, पाकीटबंद माल, थोडी स्टेशनरी, बरीच उधारी. दुकान कल्पित आहे, अडचणी मात्र कुठल्याही पेठेतल्या आहेत. ते दुकान डोळ्यांसमोर ठेवून या विषयात काय पक्कं ठरलेलं आहे आणि कुठं मतभेद आहेत ते पाहू.

वहीची शिस्त

आपल्याकडच्या जुन्या हिशेबात दोन वह्या असत. कीर्दीत दिवसाचे व्यवहार घडले त्या क्रमानं उतरायचे. मग खतावणीत तेच व्यवहार माणसामाणसाच्या खात्यावर न्यायचे. कीर्द सांगते काय घडलं, खतावणी सांगते आज कुणाकडं किती येणं आहे. खतावणी हरवली तर कीर्दीवरून पुन्हा बांधता येते. कीर्द हरवली तर खतावणीतल्या आकड्याला आधार उरत नाही. मूळ नोंद कोणती आणि तिच्यावरून काढलेली कोणती, हा भेद दुकानदाराला संगणक यायच्या कितीतरी आधी कळलेला होता.

वहीची एक मर्यादा मात्र होती. तिला एका वेळी एकाच वाटेनं प्रश्न विचारता येतो. ‘अमक्याकडं किती बाकी?’ याला खतावणीचं एक पान पुरतं. ‘गेल्या श्रावणात साबुदाणा किती खपला?’ असं विचारलं, तर महिन्याची सगळी कीर्द चाळावी लागते.

पहिल्या पिढीच्या संगणकी डेटाबेसचंही हेच दुखणं होतं. १९६० च्या दशकात आयबीएमच्या आयएमएससारख्या प्रणालींत माहिती झाडाच्या फांद्यांसारखी लावलेली असे. जी वाट आखली असेल तिनंच जायचं. आयबीएमच्याच सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला आणि ही अट काढून टाकली. त्यांचं म्हणणं असं, की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, एका तक्त्यातल्या ओळीनं दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीचा उल्लेख फक्त तिच्या ओळखीच्या किमतीनं करावा, आणि प्रश्न कोणते येतील हे रचना करताना ठरवून टाकू नका. या रचनेला ‘रिलेशनल’ म्हणतात. हा शब्द तक्त्यांमधल्या नात्यांवरून आला असा समज सर्रास आढळतो. तो गणितातल्या ‘रिलेशन’ या संज्ञेवरून आला, आणि ते रिलेशन म्हणजे तक्ताच. १९७४ मध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आयबीएममध्ये या तक्त्यांना प्रश्न विचारायची भाषा मांडली, तीच पुढं एसक्यूएल झाली. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी वस्तू आणि त्यांचे संबंध चित्रानं दाखवायची पद्धत दिली. १९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज मोबाइलमधल्या लहानशा ॲपपासून बँकेपर्यंत हीच बैठक आहे.

या बैठकीचा पहिला नियम घरगुती भाषेत असा, की एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहा. गिऱ्हाइकाचा पत्ता प्रत्येक बिलावर लिहिला आणि त्यानं घर बदललं, तर शंभर ठिकाणी दुरुस्ती आली, आणि एक राहिली की कुठला पत्ता खरा याचा घोळ. तक्ते फोडून ही पुनरुक्ती काढण्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. दुकानाच्या कामाला तिसऱ्या पायरीपर्यंत, म्हणजे थर्ड नॉर्मल फॉर्मपर्यंत गेलं तरी भागतं. इथपर्यंत कुणाचं दुमत नाही.

दुकानातली सर्वांत लहान नोंद

खरा प्रश्न इथून पुढं. विक्रीच्या तक्त्यात एक ओळ म्हणजे काय? तीन उत्तरं निघतात. एक दिवस, म्हणजे रात्री गल्ला मोजून जो आकडा येतो तो. एक बिल. किंवा बिलातली एक वस्तू.

पुष्कळ लहान दुकानं पहिल्यावर थांबतात, आणि कायद्याचीही त्यांना थोडी सवलत आहे. जीएसटीत दोनशे रुपयांच्या आतली विक्री असेल, गिऱ्हाईक नोंदणीकृत नसेल आणि त्यानं बिल मागितलं नसेल, तर दिवसाअखेर अशा सगळ्या विक्रीचं एक एकत्र बिल केलं तरी चालतं. करापुरतं ते ठीक. पण डेटाबेसनं तेवढंच ठेवलं, तर साबुदाण्याचा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला. दिवसाची बेरीज बिलांवरून करता येते आणि बिलाची ओळींवरून. उलटं जाता येत नाही.

राल्फ किंबॉल यांच्या १९९६ च्या ‘द डेटा वेअरहाऊस टूलकिट’ या पुस्तकात पहिलं सविस्तर उदाहरण किराणा दुकानांच्या विक्रीचंच आहे. रकाने ठरवायच्या आधी एक ओळ म्हणजे नेमकं काय ते एका वाक्यात लिहून काढा, असा त्यांचा आग्रह. आपल्या दुकानासाठी ते वाक्य असं होईल: एका बिलात, एका वस्तूची, एका भावानं झालेली विक्री. तीच वस्तू दोन भावांनी गेली तर दोन ओळी. यातून बिलाचे दोन तक्ते निघतात. एक बिलाच्या माथ्याचा, त्यात क्रमांक, तारीख-वेळ, काउंटर आणि असेल तर गिऱ्हाईक. दुसरा बिलाच्या ओळींचा, त्यात कुठलं बिल, कितवी ओळ, कुठली वस्तू, किती, कुठल्या भावानं, सूट किती, कर किती. दोन्ही एकात कोंबले तर बिलाची तारीख प्रत्येक ओळीवर पुन्हा लिहावी लागते, आणि वस्तू १, वस्तू २, वस्तू ३ असे रकाने पाडले तर दिवाळीच्या यादीला ते पुरत नाहीत.

पैसे कसे आले याचाही तक्ता वेगळा हवा. ‘रोख की यूपीआय’ असा एकच रकाना बिलावर ठेवणारे पुष्कळ आहेत. पण दोनशे रोख, तीनशे मोबाइलवरून आणि उरलेले ‘मांडून ठेवा’ असं बिल आपल्याकडं रोजचं आहे.

तांदूळ म्हणजे कुठला तांदूळ

वस्तूंचा तक्ता सोपा वाटतो आणि तिथंच सर्वांत जास्त चुका होतात. पहिला मोह बारकोडला ओळख मानायचा. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा बारकोडच्या स्कॅनरवरून गेलं. आज आपल्या पाकिटांवर तेरा आकड्यांचा क्रमांक असतो. सुरुवातीचे ८९० हे आकडे, कंपनीनं भारतातल्या जीएसवन संस्थेकडून क्रमांक घेतला एवढंच सांगतात. माल कुठं तयार झाला हे ते सांगत नाहीत. शेवटचा आकडा बाकीचे बरोबर वाचले का ते तपासण्यापुरता.

पण एकाच बारकोडची दोन पाकिटं फळीवर शेजारी असतात, जुनी एमआरपी एकावर आणि नवी दुसऱ्यावर. ‘मोठ्या पाकिटावर छोटं फुकट’ अशी योजना आली की एका वस्तूला दोन बारकोड होतात. आणि सुट्या मालाला बारकोड नाहीच. काट्यावरून चिकटपट्टी काढणाऱ्या दुकानांसाठी दोननं सुरू होणारे क्रमांक राखून ठेवलेले आहेत, पण ते त्या दुकानापुरतेच. म्हणून बहुतेक जाणकार आता एका गोष्टीवर आले आहेत. वस्तूला दुकानानं स्वतःचा, काहीही अर्थ नसलेला क्रमांक द्यावा, आणि बारकोड वेगळ्या तक्त्यात त्या क्रमांकाला जोडावेत. अर्थ असलेली ओळख कधीतरी बदलते. मलकापूर हे नाव तीन गावांना असू शकतं, तसा एक बारकोड दोन किमतींना असू शकतो.

दुसरा मोह सुटं आणि पाकीटबंद एकच धरायचा. घरात शिजल्यावर तांदूळ तो तांदूळच. पण १८ जुलै २०२२ पासून, आधीच पॅक केलेल्या आणि लेबल लावलेल्या, पंचवीस किलोपर्यंतच्या धान्य-डाळी-पिठावर पाच टक्के जीएसटी आहे आणि सुट्यावर नाही. पोत्यातून मापून दिलेला तांदूळ आणि कंपनीच्या पाच किलोच्या पिशवीतला तांदूळ या डेटाबेसच्या दृष्टीनं दोन वस्तू. त्यांना ‘तांदूळ’ या एका गटाखाली आणता येतं, ओळख मात्र वेगळी.

तिसरी अडचण मापांची. गुळाचा रवा नगावर विकत येतो आणि किलोवर विकला जातो. बिस्किटं पेटीनं येतात, पुड्यानं जातात. वह्या डझनावर येतात, एकेक जातात. किलो आणि ग्रॅमचं नातं सगळीकडं सारखं. पण पेटीत किती पुडे हे त्या-त्या बिस्किटावर ठरतं. म्हणून रूपांतराचा आकडा मापाच्या तक्त्यात ठेवून चालत नाही, तो वस्तू आणि माप यांच्या जोडीचा असतो. घरातल्या जुन्या माणसांना हे वेगळं सांगावं लागत नाही. पायलीनं मापलं, तर तांदळाची पायली आणि पोह्यांची पायली काट्यावर सारखी कधीच भरली नाही.

त्या दिवसाचा भाव

आता लेखाच्या गाभ्याशी येऊ. एक गोष्ट एकदाच लिहायची, हा नियम शिकून आलेला नवा मुलगा बिलाच्या ओळीत भाव लिहायलाच तयार नसतो. भाव वस्तूच्या तक्त्यात आहे, ओळीत वस्तूचा क्रमांक आहे, मग भाव पुन्हा कशाला? तर्क बिनचूक दिसतो आणि पहिल्या भाववाढीला कोसळतो. वस्तूच्या तक्त्यात तेलाचा भाव बदलला, की गेल्या वर्षीची सगळी बिलं नव्या भावानं दिसायला लागतात.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी हे सगळ्या देशानं एकदमच पाहिलं. त्या दिवशी जीएसटीचे दर बदलले. अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं अशा कितीतरी वस्तू अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आल्या. साबणाच्या एका पॅकची एमआरपी ११८ रुपये होती असं धरू. त्यात १०० मूळ किंमत आणि १८ कर. मूळ किंमत तीच ठेवली तर नवी एमआरपी १०५. आता २० सप्टेंबरला नेलेला पॅक गिऱ्हाईक २५ तारखेला परत घेऊन आला. त्याला ११८ द्यायचे की १०५? अर्थात ११८, आणि कराचा हिशेबही जुन्या अठरा टक्क्यांनीच उलटा फिरवायचा. हे जमायचं तर दोन गोष्टी हव्यात. बिलाच्या ओळीत त्या दिवसाचा भाव आणि कराचा दर गोठवलेला हवा, आणि परताव्याच्या ओळीनं मूळ बिलाच्या ओळीकडं बोट दाखवायला हवं.

मग एकदाच लिहायचा नियम मोडला का? नाही. ‘या साबणाचा आजचा भाव’ आणि ‘२० तारखेला हा साबण ज्या भावानं विकला तो भाव’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या दिवशी त्यांचा आकडा सारखा होता इतकंच. पहिली चालू माहिती. ती बदलणारच. दुसरी घडलेली नोंद. ती बदलली तर खोटी होते. दुकानाच्या डेटाबेसमधली जवळपास प्रत्येक अडचण या भेदाशी येऊन थांबते. खतावणी आणि कीर्द यांच्यातलं अंतर तेच आहे.

चालू भावालाही आणखी एक पायरी चढवता येते. वस्तूच्या ओळीतला भाव पुसून नवा लिहिण्याऐवजी भावांचा वेगळा तक्ता करायचा: वस्तू, अमुक तारखेपासून, अमुक भाव. कराच्या दरांचाही तसाच. मग २२ तारखेचे नवे दर आठ दिवस आधी भरून ठेवता येतात आणि त्या सकाळी दुकान उघडताना धावपळ होत नाही. लहान दुकानाला एवढ्याची गरज आहे का, यावर मतं वेगळी आहेत. भावाच्या बाबतीत टाळलं तरी चालेल. कराच्या बाबतीत, गेल्या काही वर्षांचा अनुभव पाहता, टाळू नये.

पैशाच्या रकान्याबद्दल मात्र दुमत नाही. संगणकाच्या तरंगत्या दशांशात पैसे ठेवू नयेत. दोनच्या पटीत मोजणाऱ्या यंत्राला ०.१ हा आकडा तंतोतंत मांडताच येत नाही, आणि हजार ओळींच्या बेरजेत पैशाचा फरक कुठंतरी डोकं वर काढतो. ठरावीक दशांशाचा प्रकार वापरावा किंवा सरळ पैशांत पूर्णांक ठेवावेत. वजनाला तीन दशांश, म्हणजे ग्रॅमपर्यंत पोहोचतं. बिलाच्या शेवटी रुपयाला पूर्ण करायची रक्कमही वेगळ्या रकान्यात असावी, नाहीतर गल्ला आणि बिलांची बेरीज कधीच जुळत नाही.

मांडून ठेवा

शहरी दुकानांसाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत उधारीला एखादा परिच्छेद मिळतो. मलकापूरसारख्या ठिकाणी ती धंद्याचा कणा आहे. उसाचं बिल जमा झालं, भात विकलं, मुंबईहून मुलानं पैसे पाठवले, की गिऱ्हाईक येतं आणि ‘पाच हजार जमा करा’ म्हणतं. ते कुठल्या बिलाचे, हे तो सांगत नाही आणि त्याला त्याची गरजही वाटत नाही.

इथं दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक जमा रक्कम कुठल्या बिलापोटी किती, हे वेगळ्या तक्त्यात जोडतात. एक रक्कम अनेक बिलं फेडते, एक बिल अनेक हप्त्यांत फिटतं, म्हणून हा जोडतक्ता लागतो. दुसरी खतावणीची. नावे आणि जमा, बाकी म्हणजे दोहोंतला फरक. घाऊक व्यापाऱ्याला पहिली लागते, कारण त्याला कुठलं बिल किती दिवस थकलं ते पाहायचं असतं. किराणा दुकानाला दुसरी पुरते. तिच्यात बाकीचा आकडा साठवायचा नाही, दर वेळी ओळींवरून काढायचा. साठवलेली बाकी आणि ओळींची बेरीज यांत फरक पडला, की भांडण ठरलेलं.

गिऱ्हाइकाची ओळख म्हणून मोबाइल नंबर घ्यायची चाल पडली आहे. बंद झालेला नंबर कंपन्या काही काळानं दुसऱ्याला देतात, आणि एकाच नंबरावर सगळं घर असतं. थोरला, धाकटा आणि आई तिघंही एकाच खात्यावर नेतात, पण फेडायचं कुणी हा घरचा प्रश्न असतो. म्हणून क्रमांक दुकानाचा, मोबाइल नुसती माहिती. ती माहितीही कामापुरतीच घ्यावी, कारण २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, आणि उधारीची यादी हा तर घराघराच्या अब्रूचा कागद.

फळीवर किती आहे

मालाची शिल्लक साठवावी की काढावी, हा या क्षेत्रातला सर्वांत जुना वाद. काढावी म्हणणारे सांगतात, की प्रत्येक आवक-जावक एका हालचालींच्या तक्त्यात लिहा. खरेदी, विक्री, दोन्हीकडचे परतावे, नासधूस, घरी नेलेला माल, मोजणीतला फरक. शिल्लक ही त्यांची बेरीज. साठवावी म्हणणाऱ्यांचा मुद्दा वेगाचा: दर बिलाला वर्षाची बेरीज कशाला? तोडगा वहीनंच दिलेला आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला मागील शिल्लक पुढं ओढायची आणि तिथून पुढच्याच हालचाली मोजायच्या. आपल्या एका दुकानाला तर तेवढीही गरज नाही, आजचा साधा लॅपटॉप काही लाख ओळी सहज बेरजेत घेतो.

‘घरी नेलेला माल’ हा प्रकार परदेशी नमुन्यांत सापडत नाही. आपल्याकडं दुकानाच्या मागंच घर असतं आणि साखर संपली की पोर डबा घेऊन पुढं येतं. त्याला जागा ठेवली नाही तर महिन्याअखेरचा तुटवडा चोरीच्या नावावर जातो. तसंच सुट्या मालाचं. पावसाळ्यात गूळ पाझरतो, पोत्याच्या तळाशी कणी उरते, काट्यावर प्रत्येक वेळी दोन-चार ग्रॅम गिऱ्हाइकाच्या बाजूनं जातात. कागदावरची शिल्लक आणि फळीवरची शिल्लक जुळणार नाहीच. चांगल्या रचनेत हा फरक तारखेसह आणि कारणासह नोंदवता येतो.

शिल्लक उणे जाऊ द्यावी का? पुस्तकी उत्तर ‘नाही’ असं आहे. पण आठवडी बाजारादिवशी सकाळी टेम्पो येतो, माल फळीवर लागतो, आणि खरेदीची नोंद संध्याकाळी होते. संगणकानं ‘माल नाही’ म्हणून बिल अडवलं, तर हातात पुडा धरून उभं असलेलं गिऱ्हाईक काय म्हणेल? विक्री होऊ द्यावी आणि रात्री उणे शिल्लक असलेल्या वस्तूंची यादी मालकापुढं यावी, हे मला पटतं. जे घडलं ते नोंदवणं हे डेटाबेसचं काम. घडू नये म्हणून गिऱ्हाइकाला अडवणं त्याचं नाही.

खोडायचं नाही

जुन्या मुनिमाला वहीत खोडलेलं खपत नसे. चूक झाली तर आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि दुरुस्तीची नोंद वेगळी. डेटाबेसमध्ये ओळ पुसायची सोय एका शब्दावर आहे, म्हणूनच ती शिस्त जास्त लागते. चुकलेलं बिल रद्द असा शेरा मारून तसंच ठेवायचं. परतावा ही नवी नोंद. जीएसटीच्या नियमांत बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांच्या आत, सलग आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. मधलं बिल गायब झालं तर ती पोकळी बोलते. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर १ एप्रिल २०२३ पासून, कुणी काय कधी बदललं याचा माग ठेवणं सक्तीचं आहे. आपलं दुकान कंपनी नाही, पण सवय घेण्यासारखी.

दुसरा धोका विजेचा. शाहूवाडीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. बिलाचा माथा लिहून झाला, तीन ओळी गेल्या आणि लाइट गेली, तर? रिलेशनल डेटाबेस इथं एक भक्कम हमी देतात, तिला ट्रान्झॅक्शन म्हणतात. माथा, ओळी, पैसे, मालाची हालचाल, सगळं मिळून एक काम. पूर्ण झालं तर सगळं लिहिलं जाईल, नाहीतर त्यातलं काहीच नाही. जिम ग्रे यांनी या विषयाचा पाया घातला आणि त्यांना १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. दोन काउंटरवर एकाच क्षणी एकच बिल क्रमांक निघू नये, हेही याच हमीत येतं. पाऊस आणि रेंज लक्षात घेता डेटाबेस दुकानातच असावा आणि त्याची प्रत रोज दुसरीकडं जावी. एका काउंटरला एसक्यूलाइट पुरतं, दोन झाले की पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल. तिन्ही फुकट मिळतात.

एक गोष्ट खास आपल्या लिपीची. वस्तूंची नावं मराठीत ठेवायची तर युनिकोडमध्येच ठेवावीत. जुन्या फॉन्टांत टाइप केलेली यादी पडद्यावर मराठी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी असते, शोधली तर सापडत नाही. युनिकोडमध्येही एक खड्डा आहे. ‘गिऱ्हाईक’ या शब्दातला अर्धा र दोन-तीन प्रकारे टंकता येतो. डोळ्याला फरक दिसत नाही, पण यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. साठवण्याआधी सगळे एका रूपात आणावे लागतात. आणि हरभऱ्याची डाळ मागणारा आणि चणाडाळ मागणारा एकाच डब्याकडं यावा, यासाठी वस्तूच्या दुसऱ्या नावांचा लहानसा तक्ता हवा.

केवढं करायचं

शाहूवाडी तालुक्याला लागूनच वारणेचं खोरं आहे. तिथं वारणानगरला सहकारातून उभा राहिलेला वारणा बाजार खेड्यातल्या ग्राहक भांडाराचं मोठं उदाहरण मानला जातो. त्याच परिसरात १९९८ मध्ये सत्तर गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला, गावागावांत संगणक बसले. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरू इथल्या संशोधकांनी पाहिलं, तर त्यांचा खरा उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदींपुरता होत होता, आणि तेवढं काम साध्या मोबाइलवरच्या एसएमएसनंही भागत होतं. तसा प्रयोगही त्यांनी केला. दुकानाच्या डेटाबेसला हा धडा तंतोतंत लागू आहे. आधी प्रश्न मोजा, मग यंत्र आणा.

मोठ्या दुकानसाखळ्या विक्रीचा डेटाबेस आणि विश्लेषणाचा डेटाबेस वेगळा ठेवतात. काय काय एकत्र खपतं हे काढायच्या पद्धती १९९३ मध्ये आयबीएममध्ये राकेश अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडल्या. आपल्या दुकानाला आज त्याची गरज नाही. पण बिलाच्या ओळी नीट राहिल्या, तर पाच वर्षांनी मुलगा किंवा सून ते करू शकेल. ओळी ठेवल्या नसतील तर कुठलंच सॉफ्टवेअर त्या परत आणणार नाही.

हिशेब केला तर या दुकानाला साधारण बारा-पंधरा तक्ते लागतात: वस्तू, बारकोड, दुसरी नावं, मापं, कराचे दर, गिऱ्हाईक, पुरवठादार, बिल, बिलाच्या ओळी, जमा रकमा, खरेदी, खरेदीच्या ओळी, मालाच्या हालचाली. मुदत संपणारा माल जास्त असेल तर बॅचचा एक. आणखी वाढायला लागले तर थांबून विचारावं, की हा तक्ता कुठल्या प्रश्नासाठी?

संगणकावर काही करायच्या आधी एक चाचणी घ्यावी. गेल्या आठवडी बाजाराची बिलं आणि उधारीच्या जुन्या वहीचं एक पान समोर ठेवावं. कागदावर हे तक्ते आखावेत आणि एकेक नोंद पेन्सिलीनं त्यांत भरत जावी. ‘पाच हजार जमा’, ‘आईनं अर्धा किलो साखर नेली’, ‘गूळ ओला निघाला, बदलून दिला’, ‘मागच्या भावानं लावा म्हणाला, लावला’. जी नोंद कुठल्याच रकान्यात बसत नाही, तिथं रचना अपुरी आहे. रकाना बदलायचा, वहीतली नोंद नाही.